मोबाईलवरचं मराठी बायबल वाचन

मोबाईलवरचं बायबल वाचन म्हणजे छापील पवित्र शास्त्राऐवजी किंवा त्याच्या जोडीला ॲपवर वचन (बायबलमधलं आकडा दिलेलं वाक्य) वाचणं, ऐकणं आणि त्यावरची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर झूमवर करणं. मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांमध्ये, हे आता इतकं रुळलंय की उपासनेआधी "मोबाईल सायलेंटवर ठेवा" असं सांगतात, "बंद करा" म्हणत नाहीत, कारण बंद केला तर कितीतरी जणांचं बायबलच बंद होतं.

मराठी बायबल छापायची सुरुवात सेरामपूरला झाली (हे बंगालातलं, नगरचं श्रीरामपूर नव्हे). इंग्लिश मिशनरी विल्यम केरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने तिथे १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान काढलं आणि १८११ मध्ये नवा करार. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, छपाईचे खिळे जुळवायला त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेतल्याच बायका होत्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' अगदी अलीकडचं, २०१० चं. फोनवरचा प्रकार सुरू झाला तो २००८ मध्ये, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या एका चर्चने युव्हर्जन नावाचं फुकट ॲप काढलं तेव्हापासून, आज त्यात मराठीच्याही एकाहून जास्त आवृत्त्या आहेत.

आणि खरी गंमत तिथेच होते. सगळी मंडळी मिळून मोठ्याने स्तोत्र २३ वाचायला लागली की "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपर्यंत आवाज एक असतो, पुढे बायबल सोसायटीची जुनी प्रत हातात असलेले "मला काही उणे पडणार नाही" म्हणतात आणि दुसरी आवृत्ती उघडलेले भलतंच काहीतरी, मग पाळकसाहेब थांबतात आणि सगळे एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावतात. शास्त्राभ्यासात मात्र हाच गोंधळ कामाला येतो, दोन शब्द वेगळे का पडले इथूनच बरेचदा चर्चा रंगते.

शोधायची सोय हा मोठाच फायदा. 'क्षमा' टाईप केलं की सगळी वचनं समोर. पण जुन्या भाषांतरात 'तुम्हांला' असं अनुस्वार देऊन लिहिलेलं असतं आणि आपण 'तुम्हाला' टाकतो, मग पाठ असलेलं वचनसुद्धा सापडत नाही आणि माणूस ॲपला नावं ठेवतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ऑडिओ आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात मोलाचं तेच.

तोटा म्हणाल तर अध्याय मागे पडला आणि सुटं वचन पुढे आलं. आपण वापरतो ते वचनांचे आकडे तसेही मूळ लिखाणात नव्हते, रोबेर एस्तियेन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये नव्या कराराला ते घातले, मोबाईलने त्या सुट्या वचनांचे फोटो केले इतकंच. सकाळी सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर लिहून येणारं यिर्मया २९:११ (यिर्मयाच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वं वचन) घ्या, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. हे बाबेलात (बाबिलोनमध्ये) बंदिवासात गेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्याच्या बरोब्बर आधीच्या १० व्या वचनात सत्तर वर्षं भरल्यावर तुम्हाला परत आणीन असं म्हटलंय. ते सत्तर वर्षांचं वचन गुड मॉर्निंगवर कोणी पाठवत नाही. ग्रुपवर कोणी हे निदर्शनाला आणलंच तर खाली दहा 'आमेन' आणि हात जोडलेले इमोजी येतात आणि मुद्दा वर सरकून जातो.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं आणि त्या वर्षीचं ईस्टर लोकांनी घरात फोनसमोर बसून केलं. तेव्हापासून नोकरीनिमित्त दुबईला गेलेला मुलगाही गावच्या प्रार्थनासभेला झूमवर बसू शकतो, फक्त सगळ्यांनी माईक चालू ठेवून गीत म्हटलं की कोणाचाच ताल कोणाला लागत नाही.

वसईच्या कॅथलिक घरांत आणखी एक घोळ होतो. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, त्यामुळे प्रोटेस्टंट आवृत्ती डाउनलोड केलेली असली की मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) वाचनातलं तोबित किंवा मक्काबी हे पुस्तक शोधत बसावं लागतं, आणि मग कपाटातलं जाड पुस्तक निघतं.