मॉट्रामाइट : नावाचा आणि ओळखीचा घोळ

शिसे-तांब्याच्या या व्हॅनेडेटाला, म्हणजे व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन असलेल्या खनिजाला, मॉट्रामाइट हे नाव 1876 मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये चेशरमधल्या मॉट्राम सेंट अँड्र्यू इथे साठवलेल्या धातुकावर त्याचा पातळ, काळपट लेप सापडला होता. तो माल बहुधा श्रॉपशरच्या पिम हिल खाणीतून आला असावा, असे पुढे दिसून आले. नाव मात्र साठवणीच्या गावाचेच राहिले. त्याच सुमारास अमेरिकेत माँटानातले हेच खनिज सिटॅसिनाइट म्हणून नोंदले गेले.

खरा गुंता केला तो जस्ताने. डेस्क्लॉइझाइट 1854 पासून माहीत होते. त्याची स्फटिकरचनाही हीच, समचतुर्भुजी (काटकोनात छेदणारे तीन असमान अक्ष असलेली). फक्त तांब्याच्या जागी जस्त. निसर्गात दोन्ही धातू हव्या त्या प्रमाणात एकमेकांची जागा घेतात. मधल्या नमुन्यांना बराच काळ कुप्रोडेस्क्लॉइझाइट म्हणत. पुढे ते नाव मोडीत काढून निम्म्यावर रेघ ओढली गेली: तांब्याचे अणू जास्त तर मॉट्रामाइट, जस्ताचे जास्त तर डेस्क्लॉइझाइट. नियम म्हणून हे चोख आहे. पण एकाच स्फटिकाच्या थराथरांत प्रमाण बदलते तेव्हा नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहायचे काय? जुने नाव निदान मधली अवस्था आहे हे प्रामाणिकपणे सांगत होते. ॲरिझोनातून 1981 मध्ये जाहीर झालेले डुहॅमेलाइटही पुढे बिस्मथ आणि कॅल्शियम असलेले मॉट्रामाइटच ठरले आणि ते नाव रद्द झाले.

नामिबियातल्या त्सुमेब खाणीचे नमुने आल्यावर ओळखीचा प्रश्न अधिकच टोकदार झाला. रंग गवती हिरव्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत. तपकिरी म्हणजे डेस्क्लॉइझाइट, हिरवे म्हणजे मॉट्रामाइट हा ठोकताळा हमखास फसवतो. कठिनता 3 ते 3.5, त्यामुळे चाकूने ओरखडा उठतो. विशिष्ट गुरुत्व 5.9 च्या आसपास. शुद्ध खनिजात वजनाने निम्म्याहून थोडे जास्त शिसेच असल्याने छोटा तुकडाही हाताला जड लागतो. तसेच हिरवे दिसणारे मॅलॅकाइट (तांब्याचे कार्बोनेट) त्यामानाने हलके, जेमतेम 4, आणि सौम्य आम्लात ते फसफसते. मॉट्रामाइट फसफसत नाही. पण ते कॅल्साइटवर (कॅल्शियम कार्बोनेटवर) बसलेले असेल तर बुडबुडे कॅल्साइटचे असतात, म्हणून कण सोडवूनच चाचणी घ्यावी.

डफ्टाइट हा मॉट्रामाइटचा आर्सेनेट भाऊ, म्हणजे व्हॅनेडियमच्या जागी आर्सेनिक असलेला, तोही त्सुमेबचाच. स्फटिकरचना ओळखण्यासाठी घेतलेल्या त्यांच्या क्ष-किरण आकृत्या इतक्या जवळच्या की रासायनिक विश्लेषण टाळता येत नाही. तांबे-जस्त आणि व्हॅनेडियम-आर्सेनिक अशी दोन्ही गुणोत्तरे काढावीच लागतात.