मॉकसाठी लायब्ररी लागतेच?

पणजी-फोंड्याकडे नवशिक्यांना अजून सांगितलं जातं: पायथनमध्ये टेस्ट लिहायची तर आधी मॉकची, म्हणजे टेस्टपुरत्या नकली वस्तूची, लायब्ररी इन्स्टॉल करा. गरज नाही. पायथन वस्तूची जात (टाइप) विचारत नाही; हवी ती मेथड तिच्याकडे असली की झालं.

समजा, बेतीच्या फेरीबोटीत चारचाकीचं तिकीट काढल्यावर आपला कोड एसएमएस पाठवतो. टेस्टमध्ये खऱ्या सेवेच्या जागी चार ओळींचा क्लास द्या: त्याची 'पाठव' मेथड आलेला नंबर आणि मजकूर यादीत टाकते, बस. शेवटी यादी तपासायची.

तयार 'युनिटटेस्ट.मॉक' तर २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं. मात्र त्यातला साधा मॉक भलताच भिडस्त, जवळपास कुठल्याही नावाला 'हो' म्हणतो. कोडमध्ये मेथडचं नाव चुकलं तरी टेस्ट हिरवी (पास) राहू शकते. हाती लिहिलेला क्लास तिथेच ॲट्रिब्यूट-एरर ('असं नाव नाही' ही चूक) देतो. मॉकच वापरायचा तर ऑटोस्पेक लावा; मग खऱ्या क्लासमध्ये नसलेल्या नावाला तो 'हो' म्हणत नाही.