ग्राही प्रथिनांचा प्रतिपिंडाद्वारे शोध

औषधाचा रेणू ज्या प्रथिनाला जोडला जाऊन परिणाम घडवतो, ते ग्राही प्रथिन मेंदूतील वा अन्य ऊतकांतील नेमक्या कोणत्या पेशींत आहे, हे त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या (विशिष्ट रेणूला चिकटणाऱ्या रोगप्रतिकारक प्रथिनाच्या) साहाय्याने दाखविण्याची पद्धत.

ग्राहीची कल्पना साधारणपणे १९०० ते १९०५ या काळातील. तिचे श्रेय पाउल एर्लिख व जॉन लँग्ली या दोन शास्त्रज्ञांना दिले जाते. मात्र औषधांना ग्राही असतात हे एर्लिख यांनी बराच काळ मान्य केले नव्हते, त्यामुळे औषधक्रियेपुरता लँग्ली यांचा दावा अधिक सबळ दिसतो. मॉर्फिनसदृश औषधांची बंधनस्थाने १९७३ मध्ये तीन गटांनी किरणोत्सारी संयुगे वापरून दाखविली. त्या तंत्रातून मेंदूचा भाग कळे, पेशी कळत नसे. प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडण्याची ॲल्बर्ट कून्स यांची युक्ती १९४०च्या दशकापासून उपलब्ध होती. पण ग्राहींची जनुके हाती आल्यावरच त्यांचे लहान तुकडे प्रयोगशाळेत बनवून त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे सुकर झाले.

ऊतकाचा पातळ छेद प्रथम ग्राहीविरोधी प्रतिपिंडात भिजवतात, मग त्या प्रतिपिंडाला पकडणारे, रंगद्रव्य वा रंग निर्माण करणारे विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात. गांजातील द्रव्याच्या सीबी-१ ग्राहीसाठी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा छेद असा रंगवला, की फिकट पेशीकायांभोवती मण्यांच्या माळांसारखे गडद तंतू विणलेले दिसतात. ग्राही पेशीकायेवर नसून तिला वेढणाऱ्या चेताक्षांच्या (चेतापेशींच्या लांब तंतूंच्या) टोकांत आहे, हे इतक्या स्पष्टपणे अन्य पद्धतीने क्वचितच दिसते.

गांजातील द्रव्याच्याच सीबी-२ या दुसऱ्या ग्राहीबाबत मात्र वाद आहे. १९९३ मध्ये ओळख पटल्यानंतर हा ग्राही प्लीहा व रोगप्रतिकारक पेशींपुरता मानला जाई. २००५ मध्ये मस्तिष्कस्तंभातील चेतापेशींतही तो असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे वापरातील काही प्रतिपिंडे सीबी-२चे जनुक बाद केलेल्या उंदरांच्या ऊतकालाही रंगवतात असे आढळले. त्यातही गुंता असा, की अशा उंदरांच्या एका वाणात प्रथिनाचा शेवटचा भाग गाळलेला आहे, तर दुसऱ्यात सुरुवातीचा. म्हणून प्रतिपिंड ज्या भागाविरुद्ध बनवले तोच भाग त्या वाणात शिल्लक राहिला असल्यास तुलनेला अर्थ उरत नाही. निरोगी मेंदूतील चेतापेशींत हा ग्राही असलाच तर अल्प असावा, आणि दाह झाल्यावर सूक्ष्मचेताबंधपेशींत (मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींत) वाढतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मॉर्फिनसदृश औषधांच्या ग्राहींपैकी डेल्टा ओपिऑइड ग्राहीबाबतही असेच घडले. ग्राहीलाच हरित प्रकाशमान प्रथिन जोडलेल्या उंदरांतील त्याची जागा काही जुन्या प्रतिपिंडांनी दाखविलेल्या जागेशी जुळली नाही. जनुक नसलेल्या उंदरांतही ती प्रतिपिंडे रंग देत होती. २००९ मधील एका आढाव्यातही अशा ग्राहींच्या अनेक विक्रेय प्रतिपिंडांची विशिष्टता अपुरी असल्याचे दाखविले गेले. प्रतिपिंड ज्या पेप्टाइडविरुद्ध (प्रथिनाच्या लहान तुकड्याविरुद्ध) बनवले, तेच आधी मिसळून रंग नाहीसा करण्याची चाचणी येथे अपुरी पडते, कारण प्रतिपिंड चुकीच्या प्रथिनाला जोडले जात असले तरी रंग जातोच.

यकृत, आतडे इत्यादी ऊतकांतही हीच पद्धत वापरतात; दुसऱ्या प्रतिपिंडाला पेरॉक्सिडेज विकर जोडलेले असल्यास यकृतात मुळातच असलेले तेच विकर आधी निष्क्रिय करावे लागते, नाहीतर तेही रंग देते.