रॅम्प आपला, खड्डा सगळ्यांचा

आमच्या गल्लीत शेजारच्या काकांनी मे महिन्यात नवीन गाडी घेतली आणि गाडी आत चढायला गेटसमोर सिमेंटचा रॅम्प घातला, तोही रस्त्यावर दीड-दोन फूट पुढं काढून. जूनचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत रॅम्पच्या बरोब्बर पुढं डांबर उखडलं. सगळे म्हणाले डांबरच हलकं वापरलंय. असेलही, पण तेवढ्याच जागी का? दहा पावलं मागं तोच रस्ता ठणठणीत आहे बघा की.

कर्ब म्हणजे रस्त्याच्या कडेचा काळा-पिवळा रंग मारायचा दगड, फूटपाथची शोभा, असंच बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ती एका कालव्याची भिंत आहे. रस्ता मधे थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, साधारण 40 ला 1, म्हणजे 40 सेंटीमीटर आडवं गेलं की 1 सेंटीमीटर खाली. त्यामुळं कडेला कर्ब आणि डांबर मिळून एक त्रिकोणी पन्हळ तयार होते, कर्बलगत खोल आणि मधे येईल तशी उथळ. आपल्याकडं पावसाळ्यात झोडपून पाऊस पडतो, तो सगळा हिच्यातनंच गटारापर्यंत जायचा असतो.

ही पन्हळ किती पाणी नेते ते बघण्यासारखं आहे, माझा सगळ्यात आवडता भाग हाच. आयर्लंडचे इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये उघड्या वाहत्या पाण्याचं सूत्र मांडलं, ते अजून जगभर वापरतात. त्या हिशेबानं बघा, कर्बलगतचा पाण्याचा पट्टा दुप्पट रुंद झाला की कर्बलगतची खोलीही दुप्पट होते, म्हणजे छेद (पाणी आडवं कापलं तर दिसणारा त्रिकोण) चौपट. शिवाय खोल पाण्याला तळाचं घर्षण कमी जाणवतं म्हणून वेगही सुमारे 1.6 पट वाढतो. गुणाकार करा, पाणी सव्वासहा पटीपेक्षा जास्त. रस्त्याला लांबीच्या दिशेनं 100 ला 1 उतार धरला तर 1 मीटरचा पट्टा सेकंदाला साधारण 5 लिटर नेतो, तीन सेकंदात एक बादली समजा, आणि 2 मीटरचा पट्टा सुमारे 32 लिटर. आता 7 मीटरच्या रस्त्याची अर्धी बाजू घ्या, 100 मीटर लांब, त्यावर तासाला 50 मिलिमीटर पाऊस, हिशेब येतो सेकंदाला जवळपास 5 लिटर. म्हणजे निव्वळ रस्त्याचं पाणी त्या एक मीटरमध्ये बसतं (छपरांचं आणि अंगणाचं वेगळं).

आणि त्या 1 मीटरमधलं सुमारे 84 टक्के पाणी कर्बलगतच्या अर्ध्या मीटरमधनंच जातं, कारण खोली आणि वेग दोन्ही तिथंच जास्त. नेमका तोच अर्धा मीटर काकांच्या रॅम्पनं घेतलाय.

मग पाणी करणार काय, वळसा घालणार. रॅम्पच्या टोकापासनं पुन्हा 1 मीटर पट्टा मागणार, म्हणजे कर्बपासनं दीड मीटरपर्यंत येणार, जिथनं दुचाकीवाले जातात. रॅम्पच्या मागं ते आधी तुंबतं, वेग मंदावतो आणि पाण्यानं आणलेली लाल माती तिथंच बसते. आमच्याकडं त्या मातीत आता गवत उगवलंय, एक गुटख्याची पुडी आणि चप्पलचा तुटलेला पट्टाही रुतून बसलाय. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं, त्यामुळं भेगेतनं शिरलेलं पाणी खडीवरनं डांबर सोडवतं, त्यावर टायर गेलं की दाबानं पाणी अजून आत घुसतं, आणि खडी सुटते. झाला खड्डा. काही जण रॅम्पखाली पाइप घालतात, पण दोन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या की तो बंद.

ह्याबद्दल नियमही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्बची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर आणि फूटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली होती, आणि गेटसमोर फूटपाथ आहे त्याच पातळीत सलग जायला पाहिजे असंही. आमच्याकडचा कर्नाटक महानगरपालिका कायदा 1976 सार्वजनिक रस्त्यावर अडथळा होईल असं बांधकाम करू देत नाही. पण रस्त्यावर डांबराचे 40 मिलिमीटरचे तीन थर खरवडल्याशिवाय एकावर एक टाकले तर 150 चा कर्ब 30 वर येतो, तेव्हा चूक एकट्या काकांची नाही.

वास्तुवाले सांगतात पाणी ईशान्येला काढा, म्हणून काही जण मुद्दाम उलटा उतार करून घेतात. पाण्याला दिशा कळत नाही, उतार कळतो, एवढ्यासाठी घरात ओल घेऊ नका. आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी मुरतं हेही अर्धवटच, खाली काँक्रीटचा थर असेल तर त्यातनं मुरणार कुठं?

गाडी आत घ्यायची तर चढ गेटच्या आत घ्यायचा, रस्त्याकडनं कर्ब थोडा उतरवायचा पण पन्हळीची रेषा मोडायची नाही. घर रस्त्यापेक्षा खाली असेल तर आधी थोडा चढ आणि मग उतार, नाहीतर रस्त्याचं पाणी सरळ हॉलमध्ये.

मी काकांना परवा पावसातच बाहेर आणलं, आंब्याचं एक वाळकं पान पाण्यात सोडलं. पान कर्बला लागून सरसर आलं, रॅम्पजवळ गोल फिरत थांबलं, मग हळूच वळून रस्त्याच्या मधे गेलं. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, गवंड्याला रविवारी बोलवतो, पण आतली तुळशीची कुंडी हलवावी लागंल, काकूला तू सांग.