मंगळावरचे सैन्य सरेमध्येच का उतरले?

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडच्या सरे परगण्यात उतरतात. त्याचे मूळ मला एका जुन्या कथेत दिसते. मे १८७१ मध्ये एडिंबरोच्या 'ब्लॅकवुड्स' मासिकात एक कथा लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. एक आजोबा नातवंडांना पन्नास वर्षांपूर्वीची हकिकत सांगत आहेत. जर्मन बोलणारे सैन्य इंग्लंडवर चालून आले, शत्रूच्या कसल्याशा नव्या यंत्रांनी ब्रिटिश आरमार बघता बघता बुडवले, आणि लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात, डॉर्किंगच्या टेकड्यांवर, स्वयंसेवकांची फळी मोडली. पुढे साम्राज्यही गेले. 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' ही ती कथा. ती पुस्तिकेच्या रूपात हातोहात खपली, आणि त्याच सप्टेंबरात पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी जाहीर भाषणात या भयगंडाविरुद्ध लोकांना सावध केले.

लेखक होते जॉर्ज चेस्नी, बंगाल इंजिनियर्सचे अधिकारी. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात ते जबर जखमी झाले होते. हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी इंजिनियर घडवणारे कूपर्स हिलचे कॉलेज उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आपण ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्यापाशी थांबतो. या लष्करी इंजिनियरचे ऋण फारसे कोणी मोजत नाही, आणि ते मोजायला हवे असे मला मनापासून वाटते.

कथा लिहिली गेली तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८७० च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या युद्धात प्रशिया या जर्मन राज्याने फ्रान्सला काही महिन्यांत लोळवले. आगगाड्यांनी वेळेवर पोचवलेले सैन्य, तारायंत्राने धावणारे हुकूम आणि मागच्या बाजूने भरायच्या क्रुपच्या पोलादी तोफा यांनी तो निकाल लावला. युद्ध शौर्यावर जिंकले जाते, ही समजूत युरोपात तेव्हा पार हादरली. चेस्नींनी ही हादरलेली समजूत कथेत आणली. त्यांच्या कथेतल्या आजोबांकडे आणि त्यांच्या सोबत्यांकडे धैर्याची कमतरता नाही. कमी पडते ती तयारी आणि यंत्रसामग्री. शिवाय हे सगळे दूरच्या कल्पित बेटावर घडत नाही. वाचक रविवारी जिथे फिरायला जात, त्या टेकड्यांवर घडते. उद्याचे यंत्र, आजचे ओळखीचे गाव आणि डोळ्यांनी पाहिलेले सांगणारा साधा माणूस: विज्ञानकथेची अर्धी कारागिरी इथेच तयार झाली होती.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे अशा आक्रमणकथांचे पीक आले. १८८२ च्या सुमारास इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचे खोदकाम सुरू होते, तेव्हा शत्रू बोगद्यातूनच घुसतो अशा कथा निघाल्या. लष्करानेही तीच धास्ती घेतली आणि काम थांबले. १९०६ साली 'डेली मेल'ने विल्यम ल क्यू यांची आक्रमणकथा क्रमशः छापली, तेव्हा जर्मन सैन्याचा मार्ग वृत्तपत्राचा खप वाढेल अशा गावांवरून वळवण्यात आला. या बहुतेक कथांचे मागणे एकच असते: सैन्य वाढवा, तोफा वाढवा. एकदा ते मागणे कळले की पुढचे पान उलटायची ओढ राहत नाही.

वेल्स यांनी हाच साचा घेतला आणि आक्रमकाच्या जागी मंगळवासी बसवले. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकातून आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तेव्हा वेल्स सरेमधल्याच वोकिंगला राहून गेले होते. कुठली जागा उद्ध्वस्त करायची हे ते सायकलवरून हिंडून हेरून ठेवत, असे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितले आहे. मंगळवासींना घेऊन आलेले पहिले नळकांडे वोकिंगजवळच्या हॉर्सेल माळावर पडते. डॉर्किंग आणि हॉर्सेल एकाच परगण्यात असणे हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

फरक पडला तो विज्ञानाने. वेल्स टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले होते, आणि कथेतली प्रत्येक गोष्ट ते कारणासह मांडतात. मंगळ आकाराने लहान, म्हणून लवकर निवाला, म्हणून तिथली जीवसृष्टी जुनी आणि आता पाण्याला मोताद. लहान ग्रह लवकर निवतो, हे आजही खरे मानले जाते. तिथे बुद्धिमान जीव असण्याची कल्पनाही तेव्हा हवेत होती. १८७७ साली इटलीत स्कियापारेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या होत्या आणि १८९५ मध्ये पर्सिव्हल लोवेल यांनी त्यांना कालवे ठरवून पुस्तक लिहिले होते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मंगळाच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे, म्हणून वेल्स यांचे मंगळवासी इथे स्वतःच्याच वजनाने धापा टाकतात. असा तपशील वाचला की लेखकाबद्दल आदर वाटतो. मंगळवासींच्या उष्णकिरण या शस्त्राचे वर्णन मात्र दीपगृहाच्या आरशासारखे आहे: अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाने उष्णता समांतर झोतात फेकायची. प्रत्यक्षात उगमाला काही एक आकार असतो, त्यामुळे असा झोत अंतराबरोबर पसरत जातो. बराच दूर जाऊनही फारसा न पसरणारा झोत १९६० मध्ये लेझर आल्यावरच हाती आला. कथेतला विषारी काळा धूर त्याहून लवकर खरा ठरला. २२ एप्रिल १९१५ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन वायू सोडला गेला.

वेल्स यांचे आणखी मोठे काम म्हणजे त्यांनी दिशा फिरवली. पहिल्याच प्रकरणात ते युरोपीय वसाहतवाद्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या केलेल्या संहाराची आठवण देतात आणि विचारतात की मंगळवासी तसेच वागले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची. (ते लोक पूर्ण नष्ट झाले, असे वेल्स लिहितात. तसे नाही, त्यांचे वंशज आजही आहेत.) साम्राज्याच्या राजधानीतल्या वाचकाला पराभूताच्या जागी उभे करणे ही साधी गोष्ट नव्हती, विशेषतः त्याच साम्राज्याखाली राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या नजरेतून पाहिले तर.

शेवट जंतूंनी होतो. मंगळावर जंतूच नाहीत, म्हणून आक्रमकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नाही, आणि पृथ्वीवरचे रोगजंतू व कुजवणारे जंतू त्यांना संपवतात. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, म्हणजे हे विज्ञान तेव्हा ताजे होते. इतिहासात मात्र बहुधा उलटे घडले. अमेरिका खंडात आक्रमकांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने स्थानिक लोक मेले. आजचे जीवशास्त्र आणखी एक शंका काढेल. रोगजंतू आपल्या यजमानाबरोबर उत्क्रांत होत आलेले असतात, त्यामुळे सर्वस्वी वेगळ्या घडणीच्या शरीरात त्यांचा जम बसणे अवघड. कुजवणाऱ्या जंतूंना मात्र इतकी निवड करावी लागत नाही, त्यामुळे वेल्स यांनी दोन्ही प्रकार सांगितले हे शहाणपणाचे होते.

या कादंबरीची अनधिकृत आवृत्ती १८९८ मध्ये 'बोस्टन पोस्ट'ने छापली आणि मंगळवासी थेट बोस्टन परिसरात उतरवले. म्हणजे इथेही गाव वाचकाच्या ओळखीचेच. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबर्ट गोडार्ड या मुलाने ती सोळाव्या वर्षी वाचली, आणि त्याच गोडार्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरचे जगातले पहिले रॉकेट उडवले. १९७६ मध्ये 'व्हायकिंग' नावाची याने मंगळावर उतरली. पृथ्वीवरचे जंतू तिकडे जाऊ नयेत म्हणून उड्डाणापूर्वी ती भट्टीत तापवून निर्जंतुक केली होती. १९६७ च्या अवकाश कराराने सदस्य देशांवर असे दूषितीकरण टाळण्याचे बंधन घातले आहे, आणि मंगळावर पाणी असण्याची शक्यता आहे तिथे यान उतरवायचे तर निर्जंतुकीकरणाचे निकष आजही सर्वांत कडक आहेत.