शेवट बदला, चित्र काढा : या उपक्रमांमागची इटलीतली गोष्ट

वर्गात एखादी अद्भुत कादंबरी वाचून संपली की पुढे काय करून घ्यायचं, हे बहुतेक शिक्षकांना पाठ असतं. शेवट बदलून लिहा, आवडत्या पात्राचं चित्र काढा, त्या काल्पनिक राज्याचा नकाशा करा, दोन विसंगत शब्द घेऊन नवा प्रसंग रचा. प्रशिक्षणात या सगळ्याला भारदस्त नाव मिळतं आणि हे कुठल्यातरी समितीने बसून ठरवलं असावं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच खेळांचा माग काढता येतो. तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत, साध्या प्राथमिक शाळांत नेऊन सोडतो.

त्याही आधी फ्रान्सकडे एक नजर टाकायला हवी. सेलेस्तां फ्रेने हा खेड्यातला शिक्षक पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम घेऊन परतला होता. तासभर मोठ्याने शिकवणं त्याला झेपत नसे. तो मुलांना घेऊन शिवारात फिरायला जाई आणि परत आल्यावर मुलं आपल्या शब्दांत लिहीत. 1924च्या सुमारास त्याने वर्गात छोटं छपाई यंत्र आणलं आणि मुलं स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून स्वतःचं लिखाण छापू लागली. हा विचार इटलीत पोचला तेव्हा तिथे फॅसिस्ट राजवट नुकतीच संपली होती. घोकंपट्टी आणि हुकूम यांना विटलेल्या शिक्षकांनी 1951मध्ये सहकारी तत्त्वावर एक चळवळ सुरू केली. तिच्यातला मारिओ लोदी हा शिक्षक पिआदेनाजवळच्या व्हो या गावात शिकवत असे. वर्गाच्या खिडकीतून मुलं समोरच्या छपरांवरच्या चिमण्या न्याहाळत, त्यांच्याबद्दल बोलत. त्या बोलण्यातून एका चिमण्याची कादंबरी तयार झाली, ‘चिपी’. 1961मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा लेखक म्हणून लोदीच्या जोडीला त्याच्या विद्यार्थ्यांचाही उल्लेख होता.

इथून पुढे मुख्य माणूस म्हणजे जानी रोदारी. 1920चा जन्म, काही काळ प्राथमिक शिक्षक, मग पत्रकार आणि मुलांचा लेखक. तरुणपणी, 1938च्या आसपास, जर्मन कवी नोव्हालिसचं एक वाक्य त्याच्या वाचनात आलं. तर्कशास्त्रासारखं कल्पनेचंही शास्त्र असतं तर शोध लावण्याची कला हाती आली असती, असा त्याचा आशय. रोदारीने पुढची कित्येक वर्षं त्या शास्त्राची टिपणं काढली.

1964मध्ये रोमच्या कडेच्या त्रुल्लो या कामगार वस्तीत, कोल्लोदी प्राथमिक शाळेच्या पाचवीच्या वर्गात तो जाऊ लागला. वर्गशिक्षिका मारिया लुईझा बिजारेत्ती त्याच चळवळीतल्या. मुलांशी गप्पा मारता मारता जी गोष्ट उभी राहिली ती ‘आभाळातला केक’. एके सकाळी त्रुल्लोवर एक प्रचंड गोल वस्तू येऊन ठाकते. मंगळावरून हल्ला झाला म्हणून सैन्य, अग्निशमन दल, सगळे धावून येतात. वस्तीतल्या दोन मुलांना, पाओलो आणि रिताला, कळतं की हा केक आहे. अणुस्फोटाच्या प्रयोगात घोळ होऊन ढगाचाच केक झालेला असतो. शीतयुद्धाच्या ऐन भरात दहा-अकरा वर्षांच्या मुलांसमोर बॉम्बचा विषय काढायचा आणि तो खाऊन संपवायचा, हे धाडस मला आजही थोर वाटतं. 1966च्या पुस्तकाला चित्रं ब्रूनो मुनारीची होती. या कादंबरीवर मुलांकडून उपक्रम करून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती मुळात उपक्रमातूनच आली होती.

रोदारीच्या खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ दोन शब्दांचा. एक मूल फळ्याच्या दर्शनी बाजूला शब्द लिहितं, दुसरं मागच्या बाजूला. फळा फिरवला की समजा ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ समोरासमोर येतात. मग त्यांना जोडायचं : कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, पाठीवर कपाट घेऊन निघालेला कुत्रा. प्रत्येक जोडणीतून वेगळी गोष्ट सुरू होते आणि विभक्तीचा तास कोणाला न कळता उरकतो. दोन शब्द एकमेकांना परके हवेत, ही त्याची अट. घोडा आणि कुत्रा घेतले तर कल्पनाशक्ती आळसावते.

दुसरा खेळ ओळखीच्या परीकथेत काडी घालण्याचा. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतले मुलगी, रान, फुलं, लांडगा, आजी हे शब्द मुलांना द्यायचे आणि शेवटी हळूच ‘हेलिकॉप्टर’. तिसरा खेळ रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपच्या 1928च्या ग्रंथातून आला. लोककथांत घटनांचे 31 प्रकार ठराविक क्रमाने येतात, असं प्रॉपने दाखवलं होतं. रोदारीने त्यांतले वीस निवडून त्यांचे खेळायचे पत्ते केले; त्यांवरून मुलांनी गोष्ट रचायची.

मार्च 1972मध्ये उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या नगरपालिकेने रोदारीला बोलावलं. 6 ते 10 तारखेपर्यंत सुमारे पन्नास शिक्षकांसमोर त्याने हे सगळं मांडलं आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं, ‘कल्पनेचं व्याकरण’. अर्पणपत्रिकेत त्या शहराचं नाव आहे. शब्दाचे सगळे उपयोग सगळ्यांना मिळावेत; सगळे कलावंत व्हावेत म्हणून नव्हे, तर कोणी गुलाम राहू नये म्हणून, असं तो सुरुवातीलाच लिहितो. ज्याचं तारुण्य मुसोलिनीच्या इटलीत गेलं त्याच्या तोंडी ‘गुलाम’ हा शब्द अलंकार म्हणून येत नाही.

चित्रकलेचा धागा याच शहरात जुळतो. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सीने तिथल्या पालिकेच्या बालशाळांत साठच्या दशकापासून चित्र-मातीकामाची स्वतंत्र खोली आणि तिथे कलाशिक्षक ठेवायला सुरुवात केली होती. चित्र हा मुलाचा विचार करण्याचा एक मार्ग आहे, अशी त्याची भूमिका. मुनारीने पुढे 1977मध्ये मिलानच्या ब्रेरा कलादालनात मुलांसाठी कार्यशाळा उघडली. तिथे ‘राक्षस काढा’ असं सांगत नसत. कागद, रेषा, पोत आधी हाताळायला मिळत.

राहिला शेवट बदलण्याचा खेळ. त्याचं मूळ पिनोकिओपर्यंत मागे नेता येईल. 1881मध्ये क्रमशः छापताना त्याचा लेखक कोल्लोदी याने पंधराव्या प्रकरणात लाकडी बाहुल्याला फासावर लटकवून गोष्ट संपवली होती. वाचकांच्या मागणीमुळे ती पुढे चालू झाली. रोदारीने 1969-70मध्ये रेडिओवर मुलांना सोबत घेऊन अर्धवट गोष्टी सांगितल्या आणि 1971च्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीला तीन शेवट दिले. त्यातला एक पिनोकिओ असा की तो खोटं बोलून नाक वाढवतो, कापतो आणि लाकूड विकून गब्बर होतो! तीन शेवटांपैकी आपल्याला कुठला पटला, कुठला नाही आणि का, हेही रोदारीने पुस्तकाच्या शेवटी सांगून टाकलं आहे.

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत मुद्द्यांवरून कथालेखन पूर्वीपासून आहे. दिसायला ते रोदारीच्या पत्त्यांसारखंच आहे, पण मुद्दे ओळीने दिलेले असतात, शेवट त्यातच सुचवलेला असतो आणि खाली तात्पर्य लिहायचं असतं. हेलिकॉप्टरला तिथे जागा ठेवलेली नाही. शिक्षकाने ठरवलं तर ते शेवटच्या मुद्द्याआधी घुसवता येतं, त्याला वेगळं साहित्य लागत नाही. फक्त गुण कसे द्यायचे हे मग त्यालाच ठरवावं लागेल.