हँडल मारलं की डिझेल इंजिनाच्या पोटात काय होतंय?

इंग्लंडात जुन्या इंजिनांचे शौकीन उन्हाळ्यात मैदानावर जमतात आणि दिवसभर इंजिनं नुसती चालवत बसतात, ना पाणी उपसायचं ना दळण दळायचं. लिस्टर इंजिनाचं डर्स्ली, पेटर इंजिनाचं योविल, त्या त्या गावाला आपल्या कारखान्याचं लई कौतुक. आपल्याकडं असा मेळावा भरवायचा तर बेळगावचा हक्क पहिला बगा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा, १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान, १९१० ला कुंडलच्या माळावर कारखाना, आणि ऑइल इंजिनची कंपनी पुण्याला खडकीत, ती १९४६ ची. म्हंजे इंजिन बेळगावचं नव्हे, पण घराणं इथलंच.

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतोय. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून साधारण सोळाव्या हिश्श्यात कोंबली की ती तापून ५०० अंशांच्या वर जाते, त्यात नोझलमधनं (बारीक भोकाच्या तोटीतनं) डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतंय. पण एवढी हवा हातानं दाबणं पैलवानालाही जड, म्हणून डिकॉम्प्रेशनचा लिव्हर. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबलीच जात नाही, हँडल सरासरा फिरतंय. फ्लायव्हीलनं (इंजिनाच्या जड चाकानं) जोर धरला की लिव्हर सोडायचा, मग पहिला दाब माणूस देत नाही, चाकात साठलेली ताकद देते. वेग दुप्पट केला तर ही ताकद चौपट होते, म्हणून आळसानं हँडल मारणाऱ्याचं इंजिन कधी चालू होत नाही. (अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडल उलटं आलं तर मनगट जातंय.)

आवाजाचाही हिशोब आहे. फोर स्ट्रोक इंजिनात, म्हंजे दट्ट्या दोनदा वर, दोनदा खाली जातो त्यात, चाकाच्या दोन फेऱ्यांना एकदाच बार होतो. लिस्टरचं ६ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्या घेतंय, म्हंजे सेकंदाला पाच-साडेपाच ठोके, ते वेगवेगळे ऐकू येतात. किर्लोस्करच्या ५ हॉर्सपॉवरच्या एव्ही-१ च्या फेऱ्या १५००, सेकंदाला साडेबारा ठोके, कान ते मोजूच शकत नाही, सलग फडफडच. म्हणून तर एव्ही-१ आटोपशीर झालं, फेऱ्या वाढल्या की तेवढ्याच ताकदीला सिलिंडर लहान चालतो, याचा ५५३ सीसीचा.

आणि इंजिन मध्येच बंद पडलं तर आधी नोझलला शिव्या घालू नका, बहुतेक वेळा इंजिनानं एअर धरलेली असते. टाकी कोरडी पडली की डिझेलच्या पायपात हवा शिरते, मग पंप कितीही रेटला तरी ती हवाच दबत राहते आणि नोझल उघडण्याएवढा दाब काही होत नाही, कारण हवा दबते, डिझेल जवळपास दबत नाही. डिझेलच्या पायपाचा नट सैल करायचा, पंपानं डिझेल रेटत राहायचं, आधी फेस येतो, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की नट आवळायचा, आणि मग हँडल.